दहा मिनिटं श्वास आणि एक हस्तिदंती घोडी

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार
सांगलीला डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्ताचा रिपोर्ट ठीक. लिथियम चालूच ठेवायचं. शिवाय नवीन काम: रोज दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन भटकलं की त्याच्यावर ओरडायचं नाही, हाताला धरून परत आणायचं. बायपोलरमध्ये लक्ष फार भरकटतं, सवयीने थोडं थाऱ्यावर येतं, असं ते म्हणाले.

मला हसू आलं. मिरजेत बावीस वर्षं मी तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढतोय. तारेखालची घोडी कानशीने केसाएवढी घासायची, की मुकी तार बोलायला लागते. हे काय लक्ष नसताना होतं? डॉक्टरांना म्हटलं, हा विषय मीच तुम्हाला शिकवीन. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

झोपेचा तक्ता भरायचाय, तो भिंतीवर लावला. ही वही माझी एकट्याची.

संकल्प: ९३ साल पुन्हा नाही. तेव्हा सहा दिवस झोपलो नव्हतो आणि साताऱ्याला पोवई नाक्यावर पोलिसाची शिट्टी बेसूर वाटली म्हणून त्याच्या तोंडातून काढून घेतली होती. पुढचे पाच महिने गोधडीत. आता त्याची भीती वाटत नाही. नुसतं लिहून ठेवलं.

१९ नोव्हेंबर, मंगळ.
पहिली बैठक. मन अकरा वेळा भटकलं. पैकी चार वेळा दूधवाल्यामुळे, त्या धरायच्या नाहीत.

दुपारी साताऱ्याच्या गायनाच्या बाई आल्या. वय चौऱ्याहत्तर. गुरूंचा तंबोरा एस.टी.त मांडीवर घेऊन आल्या. घोडी हस्तिदंती. आता हस्तिदंतावर बंदी, तेव्हा ही गेली की दुसरी नाही. पंधरा डिसेंबरला शिष्यांचा कार्यक्रम आहे. म्हणाल्या, गंगाधरराव, अगदी थोडीच कानस लावा, हिला फार नाही सोसायचं.

चहा दिला तर माझ्या हातातली बशी वाजली. बाईंनी बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

हात थरथरतो तो लिथियममुळे. डॉक्टर म्हणतात, जास्त वाटलं तर सांगा. सांगितलं तर म्हणतील, काम बदला.

२२ नोव्हें., शुक्र.
तंबोरा चार दिवस तसाच. कानस हातात घेतली की टोक नाचतं. ज्या हातावर घर चालतं तो असा नाचायला लागल्यावर माणसाने करायचं काय?

निर्णय. निर्णय नव्हे, प्रयोग. रात्रीची गोळी बंद. लक्ष ताब्यात असताना गोळी कशाला? कुबडी आणि पाय दोन्ही कशाला? ही (बायको) पाणी घेऊन समोर उभी राहते, म्हणून गोळी जिभेखाली. नंतर दुकानात कोपऱ्यातल्या, तंबोऱ्यासाठी वाळवलेल्या भोपळ्यात. त्याला देठाशी भोक आहे.

२४ नोव्हें., रवि.
सकाळचीही बंद. प्रयोग अर्धवट करू नये.

२७ नोव्हें., बुध.
हात दगडासारखा! बशी वाजत नाही. बैठक चाळीस मिनिटं, भटकणं शून्य. डॉक्टरांना पत्र लिहावं म्हणतो. झोप पाच तास. तक्त्यात सात लिहिले, कारण ती सात तासांच्या गुणाची होती.

स्वतःवर बारीक नजर आहे. आज जास्त हसलो का? नाही, दोनदाच. भरभर बोललो का? हिला विचारलं. ती म्हणाली, कवापासून इचारताय त्येच. म्हणजे नाही.

३० नोव्हें., शनि.
ऐकू काय येतंय! शेजारच्यांचा पंखा, गल्लीतली पिठाची गिरणी, सगळ्यांचे सूर वेगवेगळे कळतात. इंजिनाची शिट्टी एका श्रुतीने चढी आहे, ते सांगायला स्टेशनवर गेलो. लोक सज्जन. चहा पाजला, घरी कोण कोण असतं विचारलं.

हे ९३ सारखं नाही. तेव्हा मी वाट्टेल ते बोलत होतो, आता फक्त जरुरीचं बोलतो. मेव्हणा जोतीराम (फौजेतला रिटायर्ड हवालदार, कडेगावचा) आला होता, त्याच्याशी तीन तास जरुरीचं बोललो. जाताना म्हणाला, दाजी, लय बोलाय लागलाय तुमी, ह्ये लक्षण बरं न्हाई. फौजेतल्या माणसाला श्रुती काय कळणार.

झोप तीन तास. तक्त्यात सात. भीती नाही. छाती धडधडते ती चहामुळे.

३ डिसेंबर, मंगळ.
जवारीला हात घातला. कानशीचे चार हात, पहिली तार बोलली. असा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. थांबायला हवं होतं, पण तिच्याखाली अजून एक आवाज आहे, बारीक, किणकिणणारा. तो घालवला की झालं.

५ डिसें., गुरु., पहाटे ४
तो आवाज जात नाही.
घासली. आता दुसऱ्या तारेखाली आहे.
घासली.
डॉक्टर म्हणाले होते, लक्ष परत आणा. आणतोय. ते परत तिथेच जाऊन बसतंय. मी त्याला नेत नाही, ते मला नेतंय.
ही दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. झोपा की, म्हणाली. मी म्हटलं, तुला ऐकू येत नाही का? तिला नाही आलं.
तारा सोडून ठेवल्या. सगळ्या सोडल्या. आवाज आहेच.

६ डिसें., शुक्र., दुपारी
सांगलीला दवाखान्यात न्यायला जीप येतेय, तोपर्यंत लिहितो.

हिने शेजाऱ्यांच्या फोनवरून जोतीरामला बोलावलं. तो दुकानात बसायला जागा करायची म्हणून भोपळा उचलायला गेला, तर भोपळा खुळखुळा झाला. मी म्हटलं, बिया आहेत. हिने तो उपडा केला. म्हणाली, आवं, बीला मधी रेघ असती व्हय? सव्वीस गोळ्या निघाल्या. तिनेच मोजल्या. ओरडली नाही. भुशातच खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर तयार होतं.

जोतीराम म्हणाला, दाजी, चला, म्या हाय संगं. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. त्याने माझा हात धरला. अजिबात थरथरत नव्हता. त्याला दाखवलं मी. तो नुसता व्हय व्हय म्हणत राहिला.

१३ डिसें., शुक्र.
आठ दिवस सांगलीत ॲडमिट होतो. आज घरी. झोपेची गोळी, लिथियम, हातात बशी नाहीच, वाटीने चहा. ही तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते. करतो.

तो आवाज गेला. तारा लावून बघितल्या. बद्द. चारही. घोडीला मधोमध खड्डा पडलाय, नखाएवढा. घासलेलं परत लावता येत नाही, हे मीच हाताखालच्या पोरांना शिकवत आलोय.

१४ डिसें., शनि.
बाई आल्या. सगळं सांगायचं ठरवलं होतं, क्रम लावून ठेवला होता. घोडी दाखवली आणि क्रम गेला. त्या खड्ड्यावरून बोट फिरवत राहिल्या. मी म्हटलं, शिसवीची बसवून देईन. म्हणाल्या, आधी बरे व्हा.

मग पिशवीतून एक डबी काढली. इलेक्ट्रॉनिक तंबोरा. भाच्याने पुण्याहून आणलाय. उद्या तोच लावणार. शिष्या तंबोरा मांडीवर घेऊन बसेल, नुसता शोभेला, तारांना बोट लावणार नाही. डबी मागे ठेवायची. बटण दाबून माझ्यासमोर धरली. म्हणाल्या, सुरात आहे ना, तेवढं ऐकून सांगा, तुमच्यासारखा कान माझा नाही.

ऐकलं. हात मांडीखाली दाबून ठेवला होता. सुरात होता. पूर्ण सुरात. तसं सांगितलं. त्यांना बरं वाटलं.

जाताना म्हणाल्या, उद्या साताऱ्याला या, पुढे बसा. मी म्हटलं, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलंय.

डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नाही. मला भीती वाटते.