आत्ता आत: एकसष्ट

१ जून २००२, शनिवार

आखातातला कामाचा पहिला दिवस छान गेला. ऑफिस देरा भागात, सातव्या मजल्यावर. माझ्या खुर्चीतून खाडी दिसते आणि गलबतांवर चढणारे फ्रिज, टायर, गाद्या मोजता येतात. टेबल माझं एकटीचं आहे. नाशिकला बाबांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चौघांत एक होतं.

कंपनी बांधकामांना मजूर पुरवते. चार हजार दोनशे माणसं मुहैस्नाच्या कॅम्पात राहतात. त्या भागाला इथे सगळे सोनापूर म्हणतात. कॅम्पाच्या फाटकावर आत येताना आणि बाहेर जाताना प्रत्येकाने कार्ड सरकवायचं, म्हणजे पंच करायचा. ते पंच इथल्या सर्व्हरवर जमा होतात. सर्व्हर सांभाळणं माझं काम. तो ठेवलाय जुन्या फायलींच्या खोलीत. कामगारांच्या फायलींची पोलादी कपाटं तिथून हलवायला कोणाला वेळ मिळालेला नाही, त्यामुळे दार आतल्या बाजूला जेमतेम उघडतं.

आयटी मॅनेजर चारुदत्त सर मूळचे पुण्याचे, इथे दहा वर्षं आहेत. त्यांनी समोसा-चहा मागवला आणि चहा संपायच्या आत अट सांगितली. १ जुलैला अग्निसुरक्षेची तपासणी आहे. तेव्हा ‘आत्ता आत’ हा नवा स्क्रीन न अडखळता चालला पाहिजे. आग लागली तर कॅम्पात त्या क्षणी किती माणसं आहेत, हे तो दाखवतो. चालला तर मी कायम, नाही तर व्हिसा रद्द आणि परतीचं तिकीट.

परत जायचं नाही. ही नोकरी मला कोणाच्या ओळखीने मिळालेली नाही.

४ जून, मंगळवार

सकाळी सरांच्या संगणकावर ‘मेमरी अपुरी’ असा संदेश आला. कारण सोपं निघालं. सर मॅनेजमेंट कन्सोलमध्ये, म्हणजे डेटाबेस बघायच्या प्रोग्रॅममध्ये, डेटाच्या टेबलावर डबल-क्लिक करतात. मग कन्सोल त्या टेबलाच्या झाडून सगळ्या ओळी त्यांच्या संगणकात ओढायला लागतो. मी सुचवलं की हव्या तेवढ्याच ओळी मागवाव्यात. ते म्हणाले की डेटा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि नाशिकला हल्ली मॅनेजरला शिकवायचाही कोर्स निघालाय का?

फळ्यावर लिहून ठेवलं: टेबल डबल-क्लिकने उघडू नये. दुपारी कोणीतरी त्याखाली ‘इन्शाल्ला’ असं लिहिलं होतं.

९ जून, रविवार

आता सर्व्हर स्वतःच पडतो. रोज, साधारण पावणेएकला. एक जीबीची मेमरी दोन केली, दोन तास टिकली. डेटाबेसने किती मेमरी घ्यावी यावर मर्यादा घातली, तर स्क्रीन अर्धाच भरून थांबला. मर्यादा काढली, तर मशीनच गोठलं. सरांचा उपाय एकच: रिस्टार्ट. दिवसातून चार वेळा ते दारातून डोकावून तेवढा एक शब्द टाकतात.

चार हजार दोनशे माणसांची यादी दोन जीबीत मावत नाही, हे मला मान्य नाही.

१२ जून, बुधवार

सापडलं. यादीत ओळी आहेत चौऱ्याऐंशी लाख.

प्रोग्रॅमचा नियम असा: आत येण्याचा पंच आहे आणि बाहेरचा नाही, तर माणूस आत आहे. जोवर तो आत आहे तोवर दर पंधरा मिनिटांनी त्याच्या नावावर ‘हजर’ अशी एक ओळ पडते. बाहेरचा पंच झाला की त्या ओळी मिटतात. एकसष्ट जणांचा बाहेरचा पंच कधीच झालेला नाही. सर्वांत जुना १९९७ चा आहे. त्या ओळी इतकी वर्षं डिस्कवर गुपचूप पडून होत्या. नवा स्क्रीन त्या सगळ्या मेमरीत चढवतो.

एकसष्टपैकी एकही जण कामगारांच्या चालू यादीत नाही. सरांना विचारलं. जुना कचरा आहे, डिलीट कर, म्हणाले. कचरा काय आहे हे कळल्याशिवाय मी काही डिलीट करत नाही.

१५ जून, शनिवार

कंपनीच्या बसने सोनापूरला गेले. तिथला टाइमकीपर इद्रीसभाई पेशावरचा, चौदा वर्षं त्याच फाटकावर आहे. मी यादी पुढे केली. त्याने चष्मा लावला नाही. तोंडपाठ नावं म्हणू लागला आणि प्रत्येक नावानंतर गाव. एकसष्टच्या एकसष्ट जण वारलेले आहेत. कोणी उन्हाने, कोणी पडून, बरेचसे झोपेत.

पूर्वी कागदी मस्टर होतं. शवपेटी गावी निघाली की मुकादम नावापुढे लिहायचा: रवाना, करीमनगर. रवाना, सिवान. गावाचं नाव मोठ्याने म्हणायचा. कार्डं आली तेव्हा खोलीतला सोबती मेलेल्याचं कार्ड घेऊन फाटकावर यायचा आणि पंच करायचा. मग ९७ साली ऑफिसचा हुकूम आला की मेलेल्याचं कार्ड त्याच दिवशी जमा करायचं आणि कापायचं. तेव्हापासून पंच बंद. त्याने तीनदा कळवलं, तिन्ही वेळा त्याला चहा मिळाला.

मी म्हटलं, ही फक्त नोंदीची चूक आहे. तो हसला नाही.

“मॅडम, जिसका पंच नहीं हुआ, वो गया नहीं. कमरे में जगह रखनी पड़ती है.”

त्याने एक खोली दाखवली. बारा खाटा होत्या आणि अकरा माणसं. तीन खाटांवर स्वच्छ चादरी होत्या, त्यांवर कोणी कपडासुद्धा टाकलेला नव्हता. दोघे तरुण खाली फरशीवर पथारी घालून झोपतात. ठेकेदार ओरडतो, म्हणे, पण कोणी ऐकत नाही.

परतीच्या बसमध्ये डोकं दुखत होतं. कारण मात्र नक्की झालं: बाहेरच्या पंचाचा अभाव.

१८ जून, मंगळवार

एकाच आज्ञेने एकसष्ट जणांचा बाहेरचा पंच घातला. ‘कुठे गेला’ हा रकाना रिकामा चालत नव्हता. गावांसाठी ठिकाणांच्या यादीत नवे कोड करावे लागले असते, एकसष्ट फायली काढाव्या लागल्या असत्या. मी सगळ्यांना ०१ दिला. ०१ म्हणजे मुख्य ऑफिस.

चौऱ्याऐंशी लाख ओळी मिटल्या. स्क्रीन चार सेकंदांत उघडला. सरांनी पाठीमागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, खलास, झालं काम, तू इथे कायम. रात्री आईला फोन केला.

१९ जून, बुधवार

सकाळी ऑफिसच्या दारावरचा कार्ड-रीडर वाजत राहिला. टीं, टीं. दारात कोणी नव्हतं. नोंद पाहिली: ८:०१ ते ८:०४, आत येण्याचे एकसष्ट पंच. ती कार्डं केव्हाच कापलेली आहेत, काही तर पाच वर्षांपूर्वी.

माझ्या आज्ञेचा दुष्परिणाम असणार. कोणता, ते सांगता येत नाही.

२२ जून, शनिवार

लिफ्ट तेरा माणसांची आहे. मी एकटी आत गेले आणि जादा वजनाची घंटा वाजली. बाहेर आले, थांबली. सर आले, त्यांच्यासाठीही वाजली. माझ्याकडे बघून म्हणाले, करामाच्या हॉटेलांतल्या थाळ्या कमी करा, हबीबी. जिन्याने चढलो.

रिसेप्शनवरची बानू तक्रार करते की एसी पूर्ण सोडूनही कोंदट वाटतं. ती खुर्ची सारखी भिंतीकडे सरकवते. विचारलं तर म्हणाली, वाट द्यावीशी वाटते.

२४ जून, सोमवार

सर्व्हर पुन्हा पडला. मेमरी अपुरी.

‘हजर’ची ओळ आता पंधरा मिनिटांनी पडत नाही, दर सेकंदाला पडते. एकसष्ट जणांच्या दिवसाला बावन्न लाख सत्तर हजार चारशे. प्रोग्रॅम तपासला. पंधरा मिनिटंच लिहिली आहेत. मिटवल्या, परत आल्या. तीनदा.

सर म्हणतात, तू हात लावलास आणि बिघडलं. त्यात खोटं काही नाही.

२६ जून, बुधवार

सर्व्हरच्या खोलीत आज वळता येईना. कपाटं जागच्या जागी आहेत, मी टेपने मोजलं. तरी मॉनिटरपर्यंत जाताना खांदा आडवा करावा लागला. घामाचा, सिमेंटचा वास. कोणी अंगाला लागत नाही. जागा करून देतात —

‘देतात’ लिहिलं. राहू दे.

मी त्यांना इथे बोलावलंय. ०१ दिला. इद्रीसभाईने गावं म्हणून दाखवली होती, मी ऐकली होती, आणि वेळ वाचवला.

२८ जून, शुक्रवार

सकाळी ९:४०. सुट्टी, ऑफिस रिकामं — तसं म्हणू नये. सर्व्हरच्या खोलीत बसलेय, फायली इथेच आहेत. प्रत्येकाची काढायची, गावाचा नवा कोड करायचा, ०१ मधून बाहेरचा पंच त्या गावाला. आणि गावाचं नाव मोठ्याने म्हणायचं.

सगळं एकाच व्यवहारात बांधलंय. एकसष्ट पूर्ण झाले की पक्कं करायचं. मध्येच तुटलं तर काहीच झालं नाही असं समजून सर्व्हर सगळं मागे घेईल. मला अर्धवट काम नको. एकही मागे राहायला नको.

१०:१५. रवाना, करीमनगर. बाहेर रीडर वाजला. एकदाच.

१२:५०. तेवीस झाले. कोपर टेबलावर ठेवता येतं.

२:३०. चव्वेचाळीस. दारापर्यंत मोकळं. एसी लागतो. घसा बसलाय.

३:५०. अठ्ठावन्न. तीन फायली उरल्या. सर्व्हर मंदावलाय. माझा व्यवहारही मेमरी धरून बसलाय, हे लक्षात घ्यायला हवं होतं.

४:०२. सर्व्हरच्या जोडण्यांच्या यादीत एक नवं नाव. चारुदत्त. घरून, फोन लाइनवरून. मॅनेजमेंट कन्सोल. सर्व ओळी.

डबल-क्लिक केलंय. डोळ्यांनी बघतायत.

४:०४. त्यांची जोडणी तोडायची आज्ञा दिली. उत्तर: ही आज्ञा चालवायला मेमरी अपुरी. बाहेरच्या टेबलावरून फोन केला. लाइन व्यग्र. अर्थातच. तीच लाइन. परत आत —

४:०७. आहे तेवढं पक्कं करते. अठ्ठावन्न तरी. उरलेले तिघे, माफ —

मेमरी अपुरी.

४:०९. जोडणी तुटली. व्यवहार मागे घेतला जात आहे.

टीं.

दारापर्यंत सहा पावलं. टीं. टीं. टीं. दार धरलं, आत ओढलं, वीतभर उघडलं आणि — मध्ये कोणीतरी. उघडायला मागे जागाच —

वही छातीशी उभी धरलीय. ढकलत नाहीत. एकमेकांना सांभाळून उभे राहतायत, साइटच्या बसमध्ये राहतात तसे. त्यांनाही जागा नाही. उरलेले तिघे धरून बावन्न. त्रेपन्न. मी गावं म्हणतेय, आवाज निघत नाही. सिवान. करीमन — छाती फुगवायला — अठ्ठावन्न. थांबा. एकोणसाठ. मी म्हणते सगळ्यांची, फक्त थोडी ज