जवळच्या व्यक्तीने भरायचा फॉर्म

३ मार्च, सकाळी ८.१०
गोदामप्रमुखाची जागा रिकामी झाली. नळांच्या गोदामात एकोणीस वर्षं काढली, जागा माझीच. फक्त नव्या साहेबांनी खूळ काढलंय : आधी मानसशास्त्रज्ञ मॅडम उमेदवारांचं व्यक्तिमत्त्व तपासणार. तपासा म्हणावं. माझ्याकडे ते भरपूर आहे. दुसरी उमेदवार डिस्पॅचवाली. तिला मनापासून शुभेच्छा दिल्या. हरणाऱ्याशी प्रेमानं वागावं.

५ मार्च
दोन फॉर्म मिळाले. पहिला स्वतः भरायचा, दोनशे चाळीस वाक्यं. दुसरा जवळच्या व्यक्तीने आपल्याबद्दल भरायचा. पहिला आजच उरकणार.
सायं. ६.३० : सात झाली. आठवं वाक्य, ‘मी हाती घेतलेलं काम तडीस नेतो.’ इथे थांबलो. उद्या ताज्या डोक्यानं.

८ मार्च
पहिला फॉर्म बायकोला दिला. काम वाटून देणं हा प्रमुखाचा गुण. माझी सात उत्तरं खोडून तिनं वीस मिनिटांत सगळा भरला, वर मटारही सोलून झाले. दुसऱ्याला मात्र हात लावेना. म्हणाली, खरं लिहिलं तर घरात अबोला होईल. मग तो मी भरला, तिच्यासारखं अक्षर काढून. संयम : दहापैकी दहा. नम्रता : दहापैकी अकरा. शेऱ्याला जागा पुरेना, दोन पानं जोडली.

१३ मार्च
मॅडमनी शाईचे डाग दाखवले. काय दिसतं ते सांगायचं. अकाउंट्सवाल्यानं सांगून ठेवलं होतं, फुलपाखरू सेफ. दरवेळी फुलपाखरूच सांगितलं. शेवटी मॅडम म्हणाल्या की तो डाग टेबलावरचा आहे, चहाचा. मी ठाम राहिलो. शब्द फिरवणारा माणूस गोदाम काय सांभाळणार.

१८ मार्च
निकाल. पहिला फॉर्म उत्कृष्ट. शांत, प्रामाणिक, स्वतःची चूक लगेच कबूल करणारा स्वभाव. मॅडम म्हणाल्या, असं क्वचित बघायला मिळतं. मी चूक कधी कबूल केली ते आठवेना, पण हिनं लिहिलंय म्हणजे केली असेल. बावीस वर्षांत तोंडावर एक चांगला शब्द नाही आणि मनात एवढं सगळं. मॅडमना ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.
मॅडमना काळजी दुसऱ्या फॉर्मची. तो भरणाऱ्याचा वास्तवाशी संबंध सुटलाय, म्हणाल्या. घरी कसं निभावता, असंही विचारलं. म्हटलं, सवय झालीय. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला. दोन घेतले. जागेचं नंतर बघू, आधी मिसेसना घेऊन या, म्हणाल्या.

२० मार्च
हिला गळ घातली. एक तास जरा भ्रमिष्ट हो, माझ्या प्रमोशनचा प्रश्न आहे. तिनं विचारलं, मला नेमकं झालंय काय? म्हटलं, तुझे माझ्याबद्दल फार चांगले गैरसमज आहेत. ही इतकी हसली की स्टुलावर बसावं लागलं. मग येते म्हणाली. पेशंट राजी, अर्धं काम झालं.

२२ मार्च
बाहेर बाकावर सव्वा तास. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज. उपचार लागू पडतोय.
११.४० : मॅडम दोन्ही फॉर्म घेऊन बाहेर आल्या. कुठला कुणी भरला, विचारलं. म्हटलं, टीमवर्क.

२४ मार्च, सायं. ७
जागा डिस्पॅचवालीला. मला दर मंगळवारी मॅडमकडे जायचंय, साहेबांचा हुकूम. त्याचं एवढं काही नाही. माझं चित्त त्या पहिल्या फॉर्मवर. हिला विचारलं, माझ्याबद्दल इतकं चांगलं वाटत होतं तर आधी कधी बोलली का नाहीस?
ही म्हणाली, “अहो, ते तुमच्याबद्दल नव्हतं. आधी तुमच्याच बाजूनं भरून बघितलं, पण जमेना. मग सरळ माझंच भरलं.”
शांत. प्रामाणिक. चूक लगेच कबूल करणारी. एकेक ताडून पाहिलं, सगळं जुळतंय. बावीस वर्षं हिच्या समोर बसून जेवतोय, मला एकदाही दिसलं नाही.