अंकिताची पाठवणी आणि डुक्कर फियाट

॥ श्री ॥
तासगाव
२४ सप्टेंबर २०२३

चि. अंकिता हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने रथोत्सवाच्या गर्दीतच हातात कोंबलं. उभ्यानेच वाचलं. फोन करत जा म्हणतेस, पण तुझ्या त्या मिलिटरी हॉस्पिटलच्या डोंगरावर फोन लागला तरी निम्मा वाराच ऐकू येतो. शिवाय फौजेत असताना मी तुझ्या आईला पत्रंच लिहायचो. ती गेली तरी ती सवय काही सुटत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या साखरपुड्यात शिरवळला सगळ्या भाऊबंदांपुढे मी बोलून गेलो, की तुझ्या आईला ज्या गाडीतून आणलं त्याच गाडीतून माझी पोरगी सासरी जाईल. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बापाचं काय जातंय! परवा बेदाण्याच्या शेडमधल्या तुझ्या आजोबांच्या डुक्कर फियाटवरची ताडपत्री काढली, तर आतून मुंगूस पळालं. सीट उंदरांनी खाल्लीय. डावं दार हात लावताच निखळलं. पुढची जाळी कुणी पळवली देव जाणे.

तुझ्या मैत्रिणीचा, सबाचा बाप, आपला निजाम, डेंटिंग-पेंटिंगचं दुकान अर्धवेळ बंद ठेवून रोज येतो. पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, आप्पासो, हिला दुरुस्त न्हाई करायची गड्या, हिला परत जन्माला घालायची हाय. जाळी कुठेच मिळत नाही, तर माझ्या लग्नाच्या फोटोवरून नवी करून देतो म्हणतो. मी म्हणालो, नक्कल नको, अस्सल तेच पाहिजे. त्यावरून आमचा अबोला चालू आहे. काम मात्र शेजारी बसूनच करतो.

समोरची काचही मिळेना. तेव्हा तुळशीच्या लग्नानंतर धरलेली तारीख माघात न्यावी लागेल. तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना, शालूबाईंना, तूच सांग. मी सांगायला गेलो की त्या चहात साखर घालायची विसरतात.

माया आहेच, ती या गाडीसारखी ढकलावी लागू नये.

तुझा,
आबा


द्वारा ५६ एपीओ
१८ ऑक्टोबर २०२३

ती. आबांस, कृ. सा. न. वि. वि.

मुंगसाची हकिकत मी वॉर्डात वाचून दाखवली. माण तालुक्यातला एक जवान पाय प्लास्टरमध्ये असताना इतका हसला, की हाड जुळेपर्यंत हसायचं नाही असा मला हुकूम काढावा लागला.

सासूबाईंचा फोन आला होता. लग्न पोरीचं हाय का गाडीचं, असं त्यांनी विचारलं. मी हसले, त्या हसल्या नाहीत. आणखी एकदा तारीख हलली तर आमी दुसरीकडं बघू, असंही म्हणाल्या. ऋषिराज काही बोलत नाही, कारखान्यातली शिफ्ट करतो आणि वाट बघतो. माझ्या दोन बदल्या झाल्या तरी तो थांबला. आबा, मला त्याच्याशीच लग्न करायचं आहे. माघ तर माघ, पण त्यापुढे नको.

आणखी एक. तुमच्या पत्रात बागेचं एक अक्षर नाही. ऑक्टोबर निम्मा सरला. छाटणी झाली का? तुम्ही दुपारचे जेवायला घरी जात नाही, हेही माझ्या कानावर आलंय. पोरगी उंटावरून शेळ्या हाकते म्हणाल. पण शेळ्याच अशा असतील तर काय करायचं?

आशीर्वाद तर तुम्ही द्यालच, सोबत थोडं ऐकावंही, ही विनंती.

आपली,
अंकिता


॥ श्री ॥
तासगाव
२१ जानेवारी २०२४

चि. अंकिता हिस अनेक आशीर्वाद.

छाटणी लांबली हे खरं आहे. काचेसाठी मिरज आणि कोल्हापूरचे हेलपाटे चालले होते, तेवढ्यात पाऊस झाला आणि निम्म्या बागेत घड वाढण्याआधीच जिरून गेले. यंदा शेडमध्ये बेदाणा कमी आणि गाडी जास्त. भावकी म्हणते, म्हातारा लोखंडाच्या नादाने द्राक्षं घालवून बसला. म्हणू दे.

पण पोरी, गाडी बघशील तर ओळखणार नाहीस. काच मिळाली. जाळीचं म्हणशील तर मी हरलो. निजामने फोटो समोर ठेवून एकेक पट्टी ठोकली, घासली आणि बसवली. नक्कल म्हणालो होतो ते शब्द गिळले. तुझ्या आईने हीच जाळी म्हणून ओळखली असती. आणि ते डावं दार! लावलं की असा भरीव धप्प आवाज येतो, की तो ऐकायला मी दिवसातून कितीदा दार लावतो ते विचारू नकोस. बायकामुलांसाठी एवढं केलं नाही, असं तू मनात म्हणशील. तेही खरंच आहे.

तुझ्या आईला खंडाळ्याहून आणताना खंबाटकीच्या घाटात गाडी तापली होती. नवी नवरी शालू सावरत खाली उतरली आणि माझ्या वडिलांच्या हातातली किटली घेऊन म्हणाली, आवं मामा, तुमी बसा, मी वतते पानी. वडील त्या दिवसापासून तिच्या बाजूचे झाले, ते शेवटपर्यंत.

तर अडचण अशी, की गिअरबॉक्स घरघरतोय. उघडावा लागला. घाईचं काम घाटात उघडं पडतं. माघ काही जमत नाही. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतरच धरू या. ऋषिराज समंजस आहे.

राग आला तर येऊ दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
आबा


तासगाव
३० जानेवारी २०२४

प्रिय अंकिता,
सलाम, आणि लांबूनच एक घट्ट मिठी.

शाळेचे पेपर तपासायचे सोडून तुझ्या आबांची चहाडी करायला बसलेय. गाडी संक्रांतीलाच रस्त्यावर आली! आबांनी स्वतः गणपतीच्या देवळापर्यंत नेली, अब्बा मागून मोटारसायकलवर. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. कुणीतरी बॉनेटवर तिळगूळ ठेवला. शिलाई मशीनसारखा आवाज येत होता, असं अब्बा म्हणतात. आबा परत आले, उतरले आणि तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अब्बा शेडवर गेले, तर गिअरबॉक्स खाली काढून चादरीवर मांडलेला. का उघडला विचारलं, तर घरघरतोय म्हणाले. अब्बा भडकले. घरघर गाडीत न्हाई, तुज्या डोसक्यात हाय, असं बोलून निघून आले ते आजतागायत गेलेले नाहीत. या गाडीपायी त्यांनी दुकानाची जुनी गिऱ्हाइकं तोडली, रंगाचा खोकला मागे लावून घेतला. परवा अम्मीला सांगत होते, की जन्मभर लोकांचे चेपलेले बंपर सरळ केले, गाडी म्हणावी अशी ही एकच केली, आणि तीच हा बाबा खोलून बसलाय. अम्मी तरीही तुझ्या आबांना डबा पाठवतेच. तो डबा ते गाडीत बसून खातात. स्टेअरिंगसमोर, दार लावून.

अंकिता, मला वाटतं त्यांना गाडी पुरी करायचीच नाही. गाडी झाली की तू जाणार. त्यांच्यावर चिडू नकोस, पण पत्र मात्र चांगलं कडक लिही.

आपल्या दोघींतलं काही कमी न होवो.

तुझीच,
सबा


द्वारा ५६ एपीओ
१२ फेब्रुवारी २०२४

ती. आबांस, कृ. सा. न. वि. वि.

गाडी संक्रांतीला देवळापर्यंत जाऊन आली, आणि ते मला तुमच्याकडून कळलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?

अक्षय तृतीयेची तारीख मी ऋषिराजला कळवून टाकली आहे. रजा मंजूर झाली. सासूबाईंना मी स्वतः फोन केला, माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनाने हो म्हटलं. आता हलणार नाही. गाडी नसली तर मी एसटीने जाईन, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाईन, पण जाईन. भाऊबंदांपुढे शब्द मोडला असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तुम्ही मला कधी कशाला अडवलं नाहीत. मिलिटरीत जाते म्हणाले, तेव्हा सगळं घर रडलं आणि तुम्ही माझी ट्रंक रंगवलीत. मग आताच असं का? मी तुमच्यावर खूप चिडले आहे आणि लिहिता लिहिता रडतेही आहे. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

उत्तर लगेच पाठवा. गाडीबद्दल नको, तुमच्याबद्दल लिहा.

आपली,
अंकिता


॥ श्री ॥
तासगाव
५ मार्च २०२४

चि. अंकिता हिस अनेक आशीर्वाद.

घरघर नव्हती.

आपल्यात नवरीबरोबर पाठराखीण जाते, बाप जात नाही. बापाने मांडवाच्या दारातून हात हलवायचा आणि मंडपवाल्याशी उगाच भांडायला जायचं, म्हणजे डोळ्यांतलं कुणाला दिसत नाही. ही सोय आपल्या पूर्वजांनी विचार करूनच ठेवली असणार. पण या फियाटचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, क्लच प्रत्येक वेळी दोनदा दाबायचा. आख्ख्या भावकीत ती चालवणारा मी एकटा. शब्द दिला तेव्हा ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही.

म्हणजे आता पोरीला मीच न्यायचं, तिच्या दाराशी मीच उतरवायचं, आणि लेकीच्या घरचं पाणी न पिता त्याच गाडीतून एकट्याने मागे फिरायचं. संक्रांतीला देवळाकडून येताना आरशात बघितलं. मागची सीट नवी कोरी, तांबडी, रिकामी. घरी येऊन पडलो, आणि सकाळी पाना घेऊन शेडवर गेलो. उघडलेल्या गाडीला कुठे जायचं नसतं.

निजामच्या दारी जाऊन आलो. नूरजहांभाभींनी आधी जेवायला वाढलं, मग मनसोक्त बोलल्या. निजामने खाली मान घालून सगळं ऐकलं आणि पान्यांची पेटी उचलून माझ्या पुढे चालू लागला. कालपासून गिअरबॉक्स बसवतोय.

अक्षय तृतीया ठरली म्हणजे ठरली. गाडी उभी असेल.

म्हाताऱ्यावर होती तेवढीच माया ठेव, जास्त नको, सवय नाही.

तुझा,
आबा


॥ श्री ॥
तासगाव
१२ मे २०२४

चि. सौ. अंकिता हिस अनेक आशीर्वाद.

सौ. लिहिताना पेन अडलं, पण लिहिलं.

मी सुखरूप पोहोचलो. येताना साताऱ्यात दिवे लागले होते. कराडला चहा घेतला. तिथे गाडीभोवती ही गर्दी. एका गृहस्थाने विकायची का विचारलं, त्याला मी चहा पाजला आणि नाही म्हणालो.

जाताना तू कराडपर्यंत रडलीस आणि मग सबाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस, तोंड उघडं ठेवून, लहानपणी झोपायचीस तशी. मी आरसा तुझ्याकडे वळवून ठेवला होता. मागचं काही दिसत नव्हतं, म्हणून सावकाश चालवली. तू झोपल्यावर शेजारी बसलेल्या जावईबापूंनी हळूच विचारलं, हॉर्न एकदा मी वाजवू का. माणूस चांगला आहे.

शालूबाईंनी दारात ओवाळलं आणि आत या, आत या म्हणून किती आग्रह केला. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. तेव्हा त्या घागर घेऊन स्वतः गाडीपाशी आल्या आणि म्हणाल्या, तुमचा नेम ऱ्हाऊ द्या, आवं तुमी नगा पिऊ, गाडीला तर पाजा. रेडिएटर काठोकाठ भरला. त्या बाईबद्दल मी पूर्वी जे काही लिहिलं ते फाडून टाक.

परतीचा रस्ता छान गेला. खंबाटकीच्या चढालाही काही त्रास नाही. एवढ्या लांबच्या प्रवासात गाडी एकदाही बंद पडली नाही.

बागेत उद्यापासून जातो. सबाला दोन दिवस जास्त ठेवून घे. आणि नव्या घरात रमलीस तरी जुन्या घरावरची माया पातळ करू नकोस.

तुझा,
आबा

ता. क. खरं सांगतो. घाट लागल्यापासून मी ती बंद पडायचीच वाट बघत होतो. तापली असती, अडली असती, तर जावईबापू आले असते, दोर बांधून परत शिरवळला ओढून नेली असती, नेम काही का असेना, एक रात्र तुझ्या घरी राहावंच लागलं असतं. चढावर मी मुद्दाम दोन नंबरच्याच गिअरमध्ये ताणली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. आज निजामला हे सांगितलं, तर त्याने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले आणि कामाची तारीफ झाली म्हणून खूश झाला. मी त्याला शिव्या घातल्या. इतकं चांगलं काम कुणी करतं का?