कोठीचा तळ

पनवेल, मार्गशीर्ष, १९५८

प्रिय कमळाकर,

काल सगळ्यात आधी उगवली कोण, तर शेजारची गोदूबाई! आपल्याकडे पाहुणे येणार हे तिला आपल्याआधी कसं कळतं, देव जाणे. चुना मागायला म्हणून आली आणि दारातच बसली. बैलगाडीतून उतरले उरणचे इलियासशेठ आणि त्यांची बायको नूरुन्निसा, बाजारात आपल्या पोह्यांचं नाव ऐकून आलेले. हो, तेच इलियासशेठ, शिमग्याला पोह्यांचं पोतं परत पाठवून व्यवहार संपला म्हणणारे. गोदूबाईच्या तोंडातलं पान खाली पडलं बघ.

थांब, आधी भट्टीचं सांगते. तू मुंबईला गेल्यावर, यंत्र कुठे हलवायचं ते दाखवायला तू जमिनीवर काढलेल्या खडूच्या रेघा मी पुसू दिल्या नाहीत. तू म्हणायचास, भट्टी परसात आणि पोहे चेपायचं यंत्र रस्त्याकडे, भाजलेलं भात पाटीतून नेईपर्यंत निवतं आणि चेपताना त्याचा चुरा होतो. पण यंत्र तिथं तुझ्या आजोबांनी बसवलेलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. ते हलवायचं म्हणजे त्यांनाच उठवल्यासारखं वाटायचं मला. श्रावणात आपली भट्टीवरची भामा गरम पाटी घेऊन घसरली, थोडक्यात वाचली. दुसऱ्याच दिवशी मी माणसं बोलावून यंत्र भट्टीशेजारी नेलं. विठू, तुझा बाप, दिवसभर बाहेरच बसला, पण संध्याकाळी चाळणीखाली चुरा बघायला गेलाच. मूठभर निघाला रे! पूर्वी सूपभर निघायचा. आता आपल्या कोंबड्या रुसल्यात.

आणि तू सांगितलंस तसं, दाणा करपला की भामाच यंत्र थांबवते. पहिल्यांदा थांबवलं तेव्हा विठू ओरडला, इथला मालक कोण? ती म्हणाली, दादा, मालक तुमीच, पन नाक माझं हाय!

मग उरली पोहे साठवायची कोठी. कोठीचा तळ दिसू द्यायचा नाही, असं सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच सांगितलेलं. गिऱ्हाईक मागेल तेवढंच भात भिजवू, साठा नको, असं तू म्हणालास तेव्हा घरात अवदसा आणतोस म्हणून मी तुला बोलले. आश्विनात एकटीनं ती कोठी उपसली. वरचे पोहे पांढरे, मधले पिवळट, तळाला जाळी आणि किडे. कायम नवे वर ओतायचे आणि वरचेच काढायचे, दुसरं काय होणार? आता सोमवारी मागणी कळते, मंगळवारी भात भिजतं, गुरुवारी पोती जातात. कोठीत गोदूबाईची मांजर व्यायलीय.

तर काल इलियासशेठनी मूठभर पोहे तोंडात टाकले आणि डोळे मिटले. नूरुन्निसा म्हणाली, हे तर आज सकाळचे वाटतात. सकाळचेच होते! शेठनी विचारलं, ही अक्कल कुणाची? विठू खाली बघत म्हणाला, आमच्या कमळाकरची. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तुझं नाव काढलं.

मी चुलीच्या निमित्तानं आत गेले, कारण मला तिथं बसवेना. एवढं लांबण लावलं तेही पुढचं सांगायला मन धजेना म्हणून. ते परत आलेलं पोतं तू भरलंस तेव्हा चांगलंच होतं, बाळा. तू जेवायला गेलास आणि मी कोठीत खोल हात घालून चार सुपं जुने पोहे काढले, त्यात मिसळले. जुनं वाया जायला नको, एवढंच मनात होतं. विठू तुला सगळ्यांसमोर कामचुकार म्हणाला, तू पिशवी उचलून मुंबईला निघालास, आणि मी तोंडाला पदर लावून बसले. आज सकाळी त्याला सगळं सांगितलं. तो कितीतरी वेळ यंत्र पुसत राहिला. मग म्हणाला, त्याला लिही, यंत्राचा पट्टा सैल झालाय, मला एकट्याला जमत नाही. तसं विठूला एकट्याला चांगलं जमतं रे, हे नुसतं तुला बोलवायचं निमित्त. इलियासशेठ आणखी दोन व्यापाऱ्यांना घेऊन भट्टी बघायला येणार आहेत, आणि त्यांना हे सगळं समजावून सांगायला तूच हवास. शनिवारी सकाळी येतो म्हणालेत.

तुझीच,
आजी