शुक्रवारच्या खोलीची किल्ली

पप्पा, तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्याशी खोटं बोलायची हिंमत मला अजून होत नाही. नगरजवळच्या त्या गावात तुम्ही पाळक होतात. एका थंडीत उपासनेला फक्त दोन म्हाताऱ्या आल्या. "चला घरी, कोणीच आलं नाही," मी म्हणालो, आणि तुम्ही माझा कान पिळलात. "त्या दोघी कोणी नाहीत का रे?" संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, तेव्हा चुलीपाशी बसून तुम्ही इराणच्या बादशहाच्या राज्यातल्या ख्रिस्ती लोकांची गोष्ट सांगितलीत. रोमचा सम्राट ख्रिस्ती झाला, तशी इराणमधली ही माणसं शत्रूची ठरली. पाळक मारले, देवळं पाडली, कित्येक वर्षं मुख्य धर्मगुरूही नेमता आला नाही. "मग मंडळी टिकली कशी?" मी विचारलं. "कोणीतरी वेळेवर दार उघडत होतं," तुम्ही म्हणालात आणि भाकरी मोडलीत.

पुढे मी नोकरीला दुबईत होतो. तिथे चर्चच्या आवारातली एक खोली आमच्या मराठी मंडळीला शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोन तास मिळायची. किल्ली माझ्याकडे, खुर्च्या मांडायचं कामही माझंच. २००८च्या मंदीत बांधकामाच्या साइट्स बंद पडल्या आणि चाळीस खुर्च्यांच्या पंधरा झाल्या, मग चार. बायको-मुलांना मी आधीच गावी धाडलं होतं. एका शुक्रवारी मी अल कुसैसच्या घरात लोळत पडलोय, किल्ली फ्रिजवर आहे, आणि फोन वाजतो. मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमधला जालन्याचा सुतार.

"दादा, दार बंद होतं. दोन बस बदलून आलो होतो. मग पायरीवरच बसून एक भजन म्हटलं. वॉचमन बोलला, खलास, कोई नहीं आएगा. पुढच्या शुक्रवारी भेटू, इन्शाल्ला."

पुढच्या शुक्रवारी मी तासभर आधी गेलो. कंपनीने त्याला बुधवारीच परतीच्या विमानात बसवलं होतं.

गेल्या वर्षी अबुधाबीच्या एका बेटावर गेलो होतो. तुमच्या गोष्टीतल्या मंडळ्यांच्याच परंपरेतल्या एका मठाचे अवशेष तिथे आहेत. गुडघाभर भिंती, लहान लहान खोल्या. बाकीचे फोटो काढत होते, मी दाराच्या जागेपाशीच उभा राहिलो. तुमची फार आठवण आली.

हे पत्र गीतपुस्तकात ठेवून देईन. त्या दिवशी फोनवर मी त्या सुताराला म्हणालो होतो, आजारी होतो रे. "मग आराम करा दादा, तुमच्यासाठी प्रार्थना करतो," तो म्हणाला.

पप्पा, मी आजारी नव्हतो. मला एकट्याला खुर्च्या मांडायच्या नव्हत्या.