तिसरी 'अ'च्या दारावरची तक्रार

प्रिय नसीम,

तुझी शोकसभा आत्ताच संपली. मी तुझ्या रिकाम्या वर्गात, मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले आहे. हे पत्र इथेच लिहिते आहे, कारण घरी जाईपर्यंत राग शांत होईल. आणि मला तो शांत व्हायला नको आहे!

आपल्या मुख्याध्यापिका मोठ्या बाईंनी तुझं कौतुक केलं. कसं? "मुसलमान असूनही त्यांचं मराठी किती शुद्ध होतं!" असूनही! तू असतीस तर चष्मा पुसत म्हणाली असतीस, "अहो, चार पिढ्या पुण्यात गेल्या आमच्या. आता तरी पास करा."

मग त्याच मोठ्या बाई तुझ्या 'आनंददायी शुद्धलेखना'वर बोलल्या. ज्यांनी तुझा फळा उतरवायला लावला, त्याच! मला खुर्चीत बसवेना.

आठवतं, तो फळा कसा लागला? 'विहीर' दहा-दहा वेळा लिहून मुलं कंटाळली होती, आणि तरी चुकतच होती. तू म्हणालीस, "यांना शब्द नकोत गं, भांडायला हवंय. भांडू देत. पण शुद्ध!" आणि वर्गाबाहेर तक्रारींचा फळा आला. कोणीही, कोणाहीविरुद्ध, दोन ओळींची पाटी लिहावी. एक जरी चूक असली, तरी कागद परत. कोणता शब्द चुकला, ते तू सांगायची नाहीस. शुद्ध असेल, तर मात्र तक्रार मिटेपर्यंत कागद काढायचा नाही, मग तो तुझ्याविरुद्ध का असेना.

काय धांदल उडायची! डबे सोडून पोरं शब्दकोशावर तुटून पडायची. वेलांटी पहिली की दुसरी, यावरून हमरीतुमरीवर यायची. "दुसऱ्याचा डबा उघडू नये. भाजी कारल्याचीच आहे." "या नळाला पूर्वी पाणी येत असे." आठ वर्षांची पोरं, पण नारायण पेठेतली! तुझी स्वतःची पाटी एकच, दाराच्या आतल्या बाजूला: "न विचारता वर्गाबाहेर जाऊ नये. कारण सांगावे."

आणि आपली श्रेया! वहीत तीन शब्दांपलीकडे कधी न गेलेली मुलगी. तिचा कागद किती वेळा परत गेला, पण हटली नाही. शेवटी लागला: "मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. आम्ही आत गाणे म्हणत बसतो."

दिवाळीआधी शाळा बघायला आलेल्या पाहुण्यांनी नेमका तोच वाचला. मग मोठ्या बाईंनी काय करावं? कडी बसवावी? छे! फळा काढायला लावला. म्हणे, मुलं उद्धट होतात. त्याऐवजी अ‍ॅप आलं. बरोबर शब्दावर बोट पडलं की पडद्यावर टाळ्या. पोरं अंदाजाने बोटं मारत सुटतात. श्रेया पुन्हा तीन शब्दांवर आली आहे.

आणि तू? तुझाही राग आलाय मला! "जाऊ दे गं मेधा," एवढंच म्हणालीस आणि फळ्याचे खिळे स्वतः उपटलेस. आजारपणातही तेच. "पित्त झालंय." इतकी वर्षं तुझ्या डब्यात जेवले मी, आणि मला तू दवाखान्यातूनसुद्धा पित्तच सांगितलंस? पोरांना तक्रार करायला शिकवणाऱ्या बाईला स्वतःची एक तक्रार सांगता आली नाही? मला रडूही धड येत नाही, इतकी चिडले आहे.

म्हणून आज दोन शब्द बोलायला उभी राहिले आणि विचारलं, "मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी कधी बसणार?"

"अहो मेधाताई, ही वेळ आहे का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही ना. वेळ दिवाळीआधीच होती."

मी तिथून तडक तुझ्या वर्गाकडे आले, तर दारावर चिकटपट्टीने एक कागद लावलेला. अक्षर श्रेयाचं.

"बाई न विचारता वर्गाबाहेर गेल्या. कारण सांगावे."

नसीम, सवयीने माझा हात पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. एकही चूक नाही गं!

मोठ्या बाई मागोमाग आल्याच. "काढा तो कागद. बरं दिसत नाही."

"शुद्ध आहे," मी म्हटलं. "काढता येत नाही."

सोमवारी तुझा फळा माझ्या वर्गाबाहेर लागेल, खिळे मी ठोकणार. पहिली पाटी माझी, कडीबद्दल. कडी बसली की ती मी उतरवीन. श्रेयाचा कागद मात्र मी कोणाला काढू देणार नाही. ती तक्रार मिटवू शकणारी एकच बाई होती, आणि ती न विचारता निघून गेली.

तुझी,
तिसरी 'ब'वाली मेधा