आपाची अंडी आणि पेनातल्या स्प्रिंगा

शाहूपुरी, कोल्हापूर
मंगळवार, दुपारी

प्रिय व आदरणीय कुलसुमआपा हिस,

धाकट्या मुनव्वरचा सलाम. बाळंतीण मोनाची तब्येत कशी आहे? बाळ दूध नीट पितं ना? गगनबावड्याच्या पावसात त्याची दुपटी वाळतात तरी कशी? तुझे गुडघे काय म्हणतात? (पोरगं एकदम एवढे प्रश्न विचारायला लागलं की त्याला काहीतरी सांगायचंय आणि धीर होत नाही असं समजावं, असं अम्मी म्हणते. अम्मीचं बहुतेक खरंच असतं.) तिकडं मोबाइलला रेंज नाही हे कळल्यावर तुझ्या भावजयीला, सबिनाला, काळजी वाटली आणि मला जरा हायसं वाटलं. फोनवर तू पहिल्याच दमात "अंडी कशी हायेत?" म्हणून विचारलं असतंस आणि माझी बोबडी वळली असती. पत्रात माणसाला वळणं घेत घेत मुद्द्यावर येता येतं. गगनबावडा गाडीचे कंडक्टर आपल्या दुकानातून मिक्सर न्यायला येणार आहेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतोय.

तर तू अंडी उबवायचं मशीन आमच्या दुकानामागच्या खोलीत ठेवलंस आणि "काय करायचं न्हाय, निस्तं बघत ऱ्हा" असं सांगून गाडीत बसलीस. आपा, माझ्यासारख्या माणसाला नुसतं बघत राहायला सांगू नये. पंखा दुरुस्त करून गिऱ्हाइकाला दिला तरी तो त्यांच्या डोक्यावर पडेल या धास्तीनं मी दोन-चारदा फोन करून चौकशी करतो. त्यात निघताना तू दारात उभी राहून म्हणालीस, ही पिल्लं निघाली तर तुझ्या दुल्हाभाईंसमोर मान वर करून कोंबड्या पाळीन, नाही निघाली तर जन्मभर टोमणे खाईन. ते ऐकल्यापासून मला अंडी दिसायची बंद झाली, तुझी मानच दिसायला लागली. तुझे नवरोबा, आमचे दुल्हाभाई, तर रोज कसबा बावड्याहून स्कूटरवर येऊन चहा पितात आणि एकच वाक्य टाकून जातात, "कोंबडीचं काम मशीन करणार, मग कोंबडीनं काय पेपर वाचायचा?"

सुरुवातीचे दिवस बरे गेले. काटा साडेसदतीसवर, आतला छोटा पंखा फिरतोय, सगळं कसं शिस्तीत. मग एका दुपारी सहज बघितलं (सहज म्हणजे त्या तासातलं कितवं तरी सहज) तर काटा चौतीसवर. झाकण उघडलं, तर हीटर गरम व्हायला लागलेला. झाकण लावलं. थोड्या वेळानं पुन्हा काटा खाली. पुन्हा उघडलं, पुन्हा हीटर सुरू. साहेब शाळेत आले की पोरं कशी हाताची घडी घालून बसतात, तसं ते मशीन मी बघितलं की शहाण्यासारखं चालायचं आणि पाठ फिरली की बंद.

आता यातली अडचण तुला नीट सांगतो, म्हणजे पुढं मी जे काही केलं ते वेडेपणाचं वाटणार नाही. (सबिनाला वाटलं.) मशीनचा मेंदू म्हणजे कंट्रोलर. तो वीज सोडतो, ती वायरीनं हीटरला पोचते. मेंदूच वीज सोडत नाही की वाटेत कुठं तुटतेय, एवढंच बघायचं होतं. दोन ठिकाणी, वीज मेंदूतून निघते तिथं आणि पुढं हीटरकडं जाते तिथं, मीटरची लाल तार टेकवली की काम झालं. काळी तार बाहेर, मशीन ज्या बॅटरीवर चालतं तिला, लावता येत होती. पण बिघाड झाकण लावल्यावर, आत ऊब साठल्यावरच होणार, आणि झाकण लावल्यावर माझा हात आत कसा राहणार? बरं, ती दोन ठिकाणं कंट्रोलर आणि पेटीची भिंत यांच्या मधल्या फटीत, जिथं बोटसुद्धा कुशीवर वळूनच जातं. चिमटा लावावा तर त्याचा जबडा आत उघडत नाही. तार डाग देऊन, म्हणजे वितळलेलं कथील लावून, चिकटवावी तर वरून वार्निशचा थर. म्हणजे मला असं काहीतरी हवं होतं, जे त्या फटीत अडकून बसेल, स्वतःच्या जोरानं, तार टेकवायची त्या ठिपक्यावर दाबून राहील आणि मी बाहेर बसून मीटर बघीन. अशा स्प्रिंगच्या पिना मिळतात म्हणे. मागवल्या की येतात. पण अंड्यांना कुरियर म्हणजे काय ते कळत नाही.

सबिनानं अंडी काढून आमच्या पलंगावर ठेवली, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या, वर तुझ्या आईनं, म्हणजे आपल्याच अम्मीनं शिवलेली गोधडी. (मी किती घाबरलो होतो ते या वाक्यावरून ओळख.) मी शेजारी आकारामच्या स्टेशनरीत धावलो आणि खटक्याची पेनं मागितली. मी एकेक पेन उघडून आतली स्प्रिंग दाबून बघायला लागलो तेव्हा आकाराम म्हणाला, "मुनव्वरभाई, पेनं लिवायला न्हेताय की पेरायला?" मी म्हटलं, अंड्यांसाठी हवीत. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

कल्पना सोपी होती. पेनाची नळी आखूड कापायची, आत स्प्रिंग, स्प्रिंगपुढं अणकुचीदार टोक. मागं भिंतीचा टेकू, पुढं टोक ठिपक्यावर. पहिल्यांदा सबिनाची शिवणाची सुई घातली. सुईला डाग धरेना. डाग धरेना म्हणून मी तार नुसती गुंडाळली आणि फटीत बसवायला गेलो, तोच स्प्रिंग सुटली. सुई सूं करून गेली ती भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुल्हाभाईंच्या वाढदिवसाच्या आसपास, घुसली. मला तो अपशकुन वाटला. सबिना म्हणाली, "अंड्यांच्या अंगावर न्हाय गेली ती. देवाचं नाव घ्या आणि दुसरी करा." दुसरीत रिफिलचंच पितळी टोक वापरलं, कारण पितळेला डाग छान धरतो. वार्निश आधी सुईनं खरवडून घेतलं. अशा दोन पिना करून फटीत सरकवल्या आणि आपा, त्या बसल्या! पेटी हलवली तरी हलेनात. तारा हवेच्या भोकातून बाहेर काढल्या, झाकण लावलं, मीटर मांडीवर घेतला.

पहिल्या पिनेवर शून्य. दुसऱ्या पिनेवर शून्य. म्हणजे मेंदूच गेला. असा कंट्रोलर कोल्हापुरात कुणाकडंच नाही, हे मला ठाऊक होतं. मी तिथंच जमिनीवर बसलो. तुला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवायला लागलो. एक वाक्य "अल्लाची मर्जी" पासून सुरू होत होतं, दुसरं "तूच मशीन स्वस्तातलं घेतलंस" पासून. दुसरं लगेच खोडलं. तेवढ्यात दुल्हाभाईंच्या स्कूटरचा आवाज आला. सबिनानं खोलीचं दार लोटलं आणि बाहेर जाऊन, ते झोपलेत, असं सांगितलं. भरदुपारी गिऱ्हाईक सोडून झोपलेला मेहुणा बघायला दुल्हाभाई आत यायला निघाले, पण तिनं भजी तळायला घेतली म्हणून थांबले. मी आत अंडी राखत, बाहेर ते भजी खात, आणि मधे एक दार. माझ्या छातीचे ठोके त्यांना ऐकू जातील म्हणून मी उशी छातीशी धरली.

ते गेल्यावर सबिना आत आली, मीटरकडं बघितलं, पेटीला कान लावला आणि म्हणाली, "सगळंच मेलंय, तर मग आतला पंखा कोण फिरवतंय? तुमचा मेंदू जित्ता हाय का बघा आधी." मी चिडून तीच पिन काढून सरळ बॅटरीच्या टोकावर टेकवली. शून्य! म्हणजे बिघाड मशीनमध्ये नव्हताच, माझ्या पिनेत होता. रिफिलच्या टोकाच्या गोळीवर शाई. शाईनं वीज अडवली होती. (अम्मीच्या गोधडीवर एक निळा डाग पडलाय तो त्याच शाईचा. धुऊन जाईल असं वाटतंय. वाटत नाही.) मग कानशीनं दोन्ही टोकांची गोळीच घासून काढली, पितळ चकचकीत केलं, आधी बॅटरीवर तपासलं आणि पुन्हा आत बसवलं. झाकण लावलं, ऊब साठली, काटा घसरायला लागला आणि मीटर बोलला. पहिल्या पिनेवर पुरी वीज, दुसऱ्या पिनेवर काही नाही. मेंदू शाबूत! मधल्या वायरीचा सांधा तडकलेला होता. गरम झालं की फाकायचा, थंड झालं की मिटायचा. एक थेंब डाग दिला आणि काटा साडेसदतीसवर जाऊन असा बसला की त्याला बघताना मला रडू आलं. अंडी पलंगावरून आत गेली. आम्ही मात्र रात्री चटईवरच झोपलो. पलंगावर बसायलाच भीती वाटत होती.

परवा सकाळी पहिलं कवच फुटलं. काल दिवसभर फुटत राहिली. दुल्हाभाई चहाला आले आणि आतून चिवचिवाट ऐकून चहा विसरले. एक पिल्लू तळहातावर घेऊन त्यांनी चोचीपासून नखापर्यंत तपासलं. मग म्हणाले, "मशीन बरं दिसतंय." आपा, तू आता मान वर करून ये. मोनाला दुवा, बाळाचा गालगुच्चा.

तुझा धाकटा,
मुनव्वर

ता. क. बिघाडाचं दुल्हाभाईंना माहीत नाही. पत्र वाचून चुलीत घाल.

ता. क. गोधडीचं अम्मीला अजून सांगितलेलं नाही. ती मला 'डाग पडलाच कसा?' म्हणून खोदून विचारेल, तुला फक्त 'अगं बाई' म्हणेल. तूच सांग.

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच. एक अंडं अजून फुटलेलं नाही. दुल्हाभाई म्हणतात टाकून दे, सबिना म्हणते टाकून द्या. मी तासातासाला त्याच्यामागं टॉर्च धरून बघतो. आत काहीतरी हललं असं वाटतं. पण माझा हातही हलत असतो. त्या एका अंड्यासाठी मशीन चालू ठेवलंय. बंद करू की नको, ते याच कंडक्टरजवळ चिठ्ठी देऊन कळव. तोवर मी काही हात लावणार नाही.

ता. क. कंडक्टर दारात उभे आहेत, हॉर्न वाजतोय. शेवटचं म्हणून आत्ता एकदा टॉर्च धरून बघून आलो. अंड्याला तडा गेलाय. आतून गेलाय की माझ्या हातून, ते अजून कळलेलं नाही.